लढाऊ विमानांच्या नाकावरची चित्रं: नाव कुणाचं, हात कुणाचा?

कुंचला
नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१डी मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाचं १/३२ प्रमाणाचं मॉडेल रंगकामापर्यंत आलंय. नोज आर्ट, म्हणजे नाकावरचं चित्र, डिकॅल (तयार छापील चिकटचित्र) न लावता हातानं रंगवायचं ठरवलं आहे. तीन शंका आहेत.

एक, फोटो जवळजवळ सगळे डाव्या बाजूचे सापडतात. मग उजव्या बाजूला काय असायचं?
दोन, खऱ्या विमानावर हे काम कसं करत, कोणत्या रंगानं, आणि ते टिकायचं किती?
तीन, हे वेड फक्त अमेरिकनांचं होतं का? ब्रह्मदेश आघाडीवर, म्हणजे आपल्या दारात, काय चित्र होतं?

माझं मत आधीच सांगतो. वैमानिकाचं नाव सगळ्यांना पाठ असतं, पण चित्र काढणाऱ्याचं कुणी विचारतही नाही. जिथं ते नाव माहीत आहे तिथं मॉडेलखालच्या पाटीवर ते आलंच पाहिजे.

टेलव्हील
पहिल्या शंकेचं उत्तर विमानात चढण्याच्या बाजूत आहे. मस्टँग, थंडरबोल्ट, स्पिटफायर, हरिकेन या सगळ्यांत वैमानिक डावीकडून चढायचा. पंखावर पाय ठेवून उभा राहिलेल्या वैमानिकाचा फोटो काढला की नाकाची डावी बाजू आपोआप चौकटीत येते. पाडलेल्या विमानांच्या खुणाही डावीकडेच, विंडस्क्रीनखाली.

अपवाद पी-३९ एअराकोब्राचा. त्याला मोटारीसारखी दोन दारं होती. थ्रॉटल डाव्या हाताला असल्यामुळे चढउतार शक्यतो उजव्या दारानं व्हायची. म्हणून एअराकोब्रा रंगवताना 'डावी बाजू मुख्य' असं गृहीत धरू नका.

अमेरिकन फायटर गटांत एक अलिखित वाटणी बरीच दिसते: डावी बाजू वैमानिकाची, उजवी क्रू चीफची, म्हणजे विमानाची देखभाल करणाऱ्या मुख्य मेकॅनिकची. उजवीकडं कधी क्रू चीफच्या बायकोचं नाव असे, कधी त्याच्या गावाचं. वैमानिक बदलत, सुट्टीवर जात, मारले जात. क्रू चीफ मात्र त्याच विमानाला बांधलेला असे. कॉकपिटखाली छोट्या चौकटीत वैमानिक, क्रू चीफ, त्याचा मदतनीस आणि आर्मरर (बंदुका सांभाळणारा) अशी नावं लिहिलेली दिसतात, ती याच नात्यातून आलेली.

निळाभोर
वाटणी होती हे मान्य, पण ती नियम म्हणून सांगू नका. कित्येक विमानांची उजवी बाजू कोरीच होती. फोटो नसेल तर मनानं काही रंगवण्यापेक्षा कोरी ठेवलेली बरी.

रिव्हेट
दुसऱ्या शंकेवर जरा सविस्तर.

रंग: वेगळे रंग कुणी पुरवत नसे. भांडारात राष्ट्रीय चिन्हांसाठी पांढरा, निळा, लाल, पिवळा आणि काळा असायचा. शिवाय ऑलिव्ह ड्रॅब (मळकट हिरवा) आणि झिंक क्रोमेट प्रायमर (गंजरोधक अस्तर). बाकी सगळ्या छटा यांच्याच मिश्रणातून. त्वचेच्या रंगासाठी पांढऱ्यात पिवळा आणि किंचित लाल, सावलीला तपकिरी. ज्याला हाताशी तैलरंगाच्या ट्यूब मिळत तो त्या वापरी.

आखणी: छोटं रेखाटन चौकोन पाडून मोठं करायचं आणि खडूनं पत्र्यावर उतरवायचं. तेच चित्र पुन्हा लागणार असेल तर कागदावर रेषेवरून भोकं पाडायची, कागद पत्र्यावर चिकटवायचा आणि खडूच्या पुडीची पुरचुंडी वरून थापायची. ठिपक्यांची रेषा उमटते. आपल्याकडचे बोर्ड रंगवणारे पेंटर अगदी हेच करत आले आहेत.

आता बिघडायचं काय? १९४४च्या सुरुवातीपासून अमेरिकन फायटर कारखान्यातून न रंगवताच, उघड्या ॲल्युमिनियमचे येऊ लागले. या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो आणि तोच गंजण्यापासून वाचवतो. त्यामुळे रंग धरावा म्हणून पॉलिश पेपरनं खरवडणं धोक्याचं. तेल पुसून, प्रायमर देऊन मगच रंग लावायचा. घाईत प्रायमर गाळला की पावसात पापुद्रे सुटत.

दुसरी चूक थरांच्या क्रमाची. तैलरंग किंवा इनॅमल पुरतं वाळायच्या आत त्यावर सेल्युलोज लॅकर मारलं तर त्यातला थिनर खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात. उलट क्रम, म्हणजे खाली वाळलेलं लॅकर आणि वर तैलरंग, चालतो.

तिसरी गोष्ट जागेची. मस्टँगचे एक्झॉस्ट, म्हणजे धुराच्या नळ्या, दोन्ही बाजूंना सहा-सहा, आणि नाव त्यांच्या अगदी शेजारी. इंधनात शिसं असल्यामुळे धुराचा करडा-तपकिरी थर मागं पसरतो. एक्झॉस्टला चिकटून असलेला रंग आधी पिवळा पडतो, मग फुगतो. शिवाय हे सगळं चित्र कावलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, सुट्या पत्र्यांवर असतं. पत्रे पाव वळणाच्या डझस फास्टनरनं बसवलेले, आणि रोजच्या तपासणीला ते निघणारच. जमिनीवर टेकवलेल्या कडा खरचटतात, स्क्रू ड्रायव्हर घसरतो. एखादा पत्रा फुटला की दुसऱ्या विमानाचा आणून बसवत, आणि मग नावातली मधली तीन अक्षरंच गायब.

टेलव्हील
सुट्या पत्र्यांचा मुद्दा मॉडेलसाठी सोन्यासारखा आहे. अक्षर जिथं पत्र्याच्या सांध्यावरून जातं तिथं रेषा केसभर सरकलेली दाखवली की ते चित्र खरं वाटतं.

नकाशेवाला
नाव वैमानिकाबरोबर फिरायचं, हे क्रमांकांवरून कळतं. थॉमस मॅग्वायरनं आपल्या प्रत्येक पी-३८ला बायकोचं लाडाचं नाव दिलं, 'पजी'. ७ जानेवारी १९४५ला तो नेग्रोस बेटावर मारला गेला तोवर मालिका पाचव्या 'पजी'पर्यंत पोचली होती. रॉबिन ओल्ड्सची 'स्कॅट' मालिका तर महायुद्ध संपवून पुढं गेली. व्हिएतनामात त्याच्या एफ-४ फँटमवर 'स्कॅट २७' होतं, आकडा रोमन.

सगळ्यात वेगळी गोष्ट रिचर्ड बाँगच्या 'मार्ज'ची. ती रंगवलेलीच नव्हती. मार्जोरी वॅटेंडाल या त्याच्या मैत्रिणीचा फोटो मोठा करून पी-३८च्या नाकाच्या डाव्या बाजूला चिकटवला आणि शेजारी नाव लिहिलं. बाँगच्या नावावर ४० विमानं, अमेरिकन वैमानिकांत सर्वाधिक. पण 'मार्ज' पडलं तेव्हा आत बाँग नव्हता. मार्च १९४४मध्ये दुसरा वैमानिक ते घेऊन गेला होता, इंजिन बिघडलं, तो पॅराशूटनं उतरला आणि वाचला. अवशेष पापुआ न्यू गिनीच्या जंगलात २०२४मध्ये सापडले.

जुनी_छावणी
शेवटच्या उड्डाणात आत बाँग नसला तरी ते 'बाँगचं विमान'च राहिलं. कुंचला म्हणतात तो मुद्दा इथं उलटा होतो, चित्रकारच नाही!

निळाभोर
बायका-मैत्रिणींच्या पलीकडं बघा. जॉर्ज प्रेडीच्या मस्टँगवर 'क्राइप्स ए'माइटी' होतं. फासे टाकताना तो ओरडायचा ते शब्द. बड अँडरसनचं 'ओल्ड क्रो' एका व्हिस्कीवरून, पण दारू न पिणाऱ्यांना तो 'आकाशातला सगळ्यात हुशार पक्षी' असं सांगायचा.

चित्रकाराचं नाव हवं ना? अमेरिकनांच्या चौथ्या फायटर गटातला डॉन ॲलन घ्या. स्वतः क्रू चीफ, आणि इंग्लंडमधल्या डेबडेन तळावरच्या कितीतरी विमानांची चित्रं त्याच्या हातची. डॉन जेंटाइलच्या पी-५१बीवर 'शांग्री-ला' नाव आणि त्यासोबत गरुड होता. १३ एप्रिल १९४४ला छायाचित्रकारांसमोर अगदी खालून जाताना जेंटाइलनं ते विमान जमिनीवर आपटलं आणि मोडलं. या विमानाचं मॉडेल करणार असाल तर तारीख सांभाळा, त्यानंतरचं काही दाखवता येणार नाही.

शार्कदात
शार्कच्या जबड्याशिवाय हा धागा अपुरा आहे. साखळी अशी: जर्मन हवाई दलातल्या झेडजी ७६ या तुकडीच्या दुसऱ्या ग्रुपनं बीएफ ११० विमानांवर शार्कचा जबडा रंगवला. उत्तर आफ्रिकेत १९४१मध्ये आरएएफच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या) ११२ स्क्वॉड्रननं तोच कर्टिस टोमाहॉकवर, म्हणजे ब्रिटिशांकडच्या पी-४०वर, घेतला. त्या टोमाहॉकचं सचित्र नियतकालिकातलं छायाचित्र पाहून ब्रह्मदेशातल्या अमेरिकन स्वयंसेवक गटानं, म्हणजे शेनॉल्टच्या फ्लाइंग टायगर्सनी, आपल्या विमानांवर जबडे काढले. प्रसिद्धी शेवटच्यांना मिळाली.

पी-४०वर तो इतका बसतो कारण पंख्याखाली रेडिएटरची मोठी हनुवटी आहे. हनुवटीचं भोक म्हणजे उघडं तोंड. बीएफ ११०वर दोन इंजिनांमधल्या टोकदार नाकावर काढलेला जबडा अगदी वेगळा दिसतो.

रंगवणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: फ्लाइंग टायगर्सचे जबडे एका साच्याचे नाहीत. प्रत्येक विमानावर खडूनं वेगळी आखणी झाली, त्यामुळे दातांची संख्या, जिभेचं टोक, डोळ्याची जागा सगळं बदलतं. सर्रास मिळणारं डिकॅल एकाच विमानाचं असतं आणि लोक ते कुठल्याही क्रमांकाला लावतात. आधी विमानाचा क्रमांक ठरवा, मग त्याच विमानाचा फोटो शोधा. आणि ही टोमाहॉक मूळ ब्रिटिश मागणीतली होती, त्यामुळे जबड्याखालची छलावरणाची रंगसंगती ब्रिटिश धर्तीची, गडद हिरवी आणि मातकट. अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅब मारू नका.

डिस्नेच्या स्टुडिओनं त्यांना दिलं ते चिन्ह वेगळं, पंख असलेला झेप घेणारा वाघ. तो फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) बाजूला असतो, नाकावर नाही.

टेलव्हील
अमेरिकन नौदलाचं मात्र निराळं. तिथं असली रंगरंगोटी फारशी चालत नसे. 'प्रिन्स्टन' या विमानवाहू जहाजावरच्या व्हीएफ-२७ तुकडीनं आपल्या हेलकॅट विमानांच्या नाकावर मांजराचं वासलेलं तोंड काढलं होतं. २४ ऑक्टोबर १९४४ला जहाज बुडालं. हवेत असलेली विमानं दुसऱ्या जहाजांवर उतरली आणि तिथं ती तोंडं लवकरच रंगाखाली गेली.

जुनी_छावणी
तिसऱ्या शंकेवर आता. ब्रिटिशांकडं चित्रापेक्षा देणगीदाराचं नाव जास्त. ५,००० पौंड दिले की स्पिटफायरवर कॉकपिटच्या पुढं छोट्या अक्षरांत, बहुतेक पिवळ्या, देणाऱ्यानं सुचवलेलं नाव लिहिलं जाई. मोठ्या देणगीवर अख्ख्या स्क्वॉड्रनला नाव. १२२ 'बॉम्बे', १३२ 'सिटी ऑफ बॉम्बे', १२४ 'बडोदा', १२९ 'म्हैसूर', १५२ 'हैदराबाद', २५३ 'हैदराबाद स्टेट'. बडोदा म्हणजे गायकवाडांचं संस्थान. हैदराबाद म्हणजे निजामाचं, ज्याच्या राज्यात तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड सगळं होतं. निजामानं तर पहिल्या महायुद्धातच ११० स्क्वॉड्रनला डीएच-९ए विमानं दिली होती आणि त्या विमानांवर तसं लिहिलेलं असे. मराठवाड्यातल्या शेतसाऱ्याचा पैसा त्या खजिन्यातच जात होता, हे विसरता कामा नये.

बोधचिन्हंही त्या त्या संस्थानातून आली. १२९वर म्हैसूरचा गंडभेरुंड (दोन डोक्यांचा पक्षी), १५२वर निजामाची दस्तार, म्हणजे पगडी. याच १५२ स्क्वॉड्रननं ब्रह्मदेशात स्पिटफायर ८वर झेपावणारा काळा बिबट्या रंगवला, नाकावर नाही तर फ्युजलाजवर, गोल चिन्हावरून उडी मारताना.

वैयक्तिक चित्रंही होती. डग्लस बेडरच्या २४२ स्क्वॉड्रनच्या हरिकेनवर हिटलरला लाथ मारणारा बूट, इयन ग्लीडच्या विमानांवर डिस्नेचं फिगारो मांजर.

कुंचला
गंडभेरुंड स्पिटफायरवाल्यांचं चिन्ह! हे माहीत नव्हतं. जुनी_छावणी, ब्रह्मदेशात लाल रंगाचं काय? जपानी चिन्ह लाल गोळा, मग लाल जीभ-दात चालत होते का?

जुनी_छावणी
नेमका प्रश्न. दक्षिण-पूर्व आशिया आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय हवाई दलानं गोल चिन्हातला लाल पूर्ण काढला. गडद निळ्यात फिका निळा, एवढंच. ओळखीसाठी पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे. १९४४मध्ये इंफाळला लढलेल्या आपल्या पहिल्या स्क्वॉड्रनच्या हरिकेनवर हेच निळं चिन्ह होतं, तेव्हा स्क्वॉड्रनचे प्रमुख अर्जन सिंग. या आघाडीचं ब्रिटिश वा भारतीय विमान करताना लाल-पांढऱ्या-निळ्या चिन्हाचं डिकॅल लावलं तर बाकी सगळं बरोबर असूनही विमान चुकलं.

अमेरिकनांनी नाकावर लाल वापरला. आसाममध्ये नागाघुली तळावर ८०वा फायटर गट होता, 'बर्मा बॅन्शीज'. हिमालयावरून चीनकडं जाणाऱ्या मालवाहू विमानांच्या वाटेचं रक्षण त्यांच्याकडं. त्यांच्या पी-४०एनच्या नाकावर शार्क नव्हता, भलीमोठी पांढरी कवटी होती, दात विचकलेली. भारतीय मातीवरून उडालेलं यापेक्षा ठसठशीत नोज आर्ट मला तरी माहीत नाही.

नकाशेवाला
थोडं विषयांतर, विमानांच्या टोपणनावांचं. पी-४७ थंडरबोल्टला 'जग' म्हणत. एक अर्थ सरळ, उभा धरला तर दुधाच्या जगासारखा दिसतो. दुसरा अर्थ 'जगरनॉट'चं छोटं रूप, आणि तो शब्द पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून इंग्रजीत गेलेला! पटायला छान आहे, पण दुधाचा जग जास्त खरा वाटतो. जगरनॉट नंतर चिकटवलेला असावा.

जपानी विमानांना दोस्त राष्ट्रांनी दिलेली नावं ही वेगळीच गंमत. फायटरना पुरुषांची नावं, बॉम्बरना बायकांची. काम फ्रँक मॅकॉय या अमेरिकन अधिकाऱ्याकडं होतं. तो टेनेसीचा, म्हणून सुरुवातीला झीक, रूफ, नेट अशी तिकडची गावठी नावं. झीरो या जपानी फायटरच्या चौकोनी पंखटोकांच्या प्रकाराला 'हॅप' म्हटलं, ते अमेरिकन हवाई दलाचे प्रमुख हॅप अर्नोल्ड यांना रुचलं नाही आणि नाव 'हॅम्प' झालं. की-६१ला 'टोनी', कारण आधी ते इटालियन धाटणीचं वाटलं.

निळाभोर
जर्मनांचं त्याहून सोपं. बीएफ १०९चे ई, एफ, जी हे प्रकार त्यांच्या अक्षर-उच्चारावलीप्रमाणं एमिल, फ्रिड्रिख, गुस्टाफ. गुस्टाफच्या जी-६ला १३ मि.मी.च्या मशीनगनांमुळे कावलिंगवर फुगवटे आले, म्हणून 'बॉयले', टेंगूळ. चित्रंही होती. गालांड या वैमानिकाच्या एमिलवर सिगार ओढणारा मिकी माऊस, हातात कुऱ्हाड आणि पिस्तूल. हार्टमन या वैमानिकानं बाणानं भेदलेलं हृदय काढून त्यात प्रेयसीचं 'उश' हे नाव लिहिलं होतं.

शार्कदात
रशियनांचंही येऊ दे. सारातोवकडचा मधमाश्या पाळणारा शेतकरी फेरापोंत गोलोवाती. डिसेंबर १९४२मध्ये त्यानं १,००,००० रुबल देऊन याक-१ विकत घेतलं आणि मेजर बोरिस येरेमिनला दिलं. फ्युजलाजवर देणाऱ्याच्या नावासकट मोठा मजकूर. १९४४मध्ये त्यानं दुसरं विमान, याक-३, दिलं, तेही येरेमिनलाच. पहिलं याक आजही सारातोवच्या संग्रहालयात आहे.

कुंचला
म्हणजे देणगीदाराचं नाव लंडनलाही आणि सारातोवलाही. धन्यवाद सगळ्यांना. आता १/३२ वर हातानं रंगवायच्या पायऱ्या कुणी सांगेल का? आकाराचा अंदाजच येत नाहीये.

रिव्हेट
आकार आधी. खरं अक्षर १० इंच उंच धरलं तर १/३२ वर ते ८ मि.मी. होतं, १/४८ वर ५.३ मि.मी. म्हणजे रेषेची जाडी अर्ध्या मि.मी.च्या आसपास. १०/० क्रमांकाचा कुंचला चालतो, पण केस लांब असलेला घ्या. फार आखूड केसांच्या कुंचल्यात रंग मावत नाही, टोकावरच वाळतो आणि रेष तुटते.

नाकाचा धातू रंग मारून पूर्ण वाळू द्या, वर चकचकीत क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) थर, आणि दोन दिवस हात लावू नका. यावर तैलरंगानं काम करायचं. चुकलं तर टर्पेंटाइनमध्ये ओलसर केलेल्या कुंचल्यानं पुसता येतं, खालचा थर शाबूत राहतो. ॲक्रिलिकला ही सवलत नाही.

कॅम्लिनची तैलरंगाची साधी ट्यूब चालेल. फक्त रंग थेट वापरू नका. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर अर्धा तास काढून ठेवा, जादा तेल पुठ्ठा शोषून घेतो. मग रंग लवकर वाळतो आणि चकाकत नाही. लाल आणि पिवळा पारदर्शक असतात, धातूवर थेट लावले तर मळकट दिसतात. आधी पूर्ण आकृती पांढऱ्यात भरा, तीन-चार दिवस थांबा, मग रंग. काळी बाह्यरेषा सगळ्यात शेवटी.

मास्किंग टेप तळहातावर दोन-तीनदा चिकटवून-काढून मगच धातू रंगावर लावा, नाहीतर रंगही निघून येईल. वॉश (खाचांत सोडायचा पातळ रंग) आणि धुराचे डाग चित्रावर क्लिअरचा दुसरा थर दिल्यानंतरच.

टेलव्हील
मस्टँगपुरत्या दोन गोष्टी. नाकाच्या वरचा ऑलिव्ह ड्रॅब पट्टा वैमानिकाच्या डोळ्यावर तिरीप येऊ नये म्हणून होता, चित्र त्यात घुसवू नका. आणि पंख उघडा धातू नव्हते. ते पुट्टी भरून, घासून चंदेरी रंगवलेले असत. फ्युजलाजला धातूची चमक, पंखांना सपाट चंदेरी. दोन्हीला एकच रंग मारला की चित्र कितीही चांगलं असलं तरी नजर तिथंच अडकते.

कुंचला
ठरलं. मस्टँगच्या डावीकडं नाव, उजवी बाजू कोरी, फक्त डाव्या चौकटीत चौघांची नावं. आणि पुढचं मॉडेल बर्मा बॅन्शीजचं पी-४०एन. कवट्याही शार्कसारख्या प्रत्येक विमानावर वेगळ्या होत्या का?

जुनी_छावणी
हो, वेगळ्या. दातांमधली फट आणि डोळ्यांच्या खोबणींचा कोन विमानागणिक बदलतो. दोन्ही बाजूंची कवटीही तंतोतंत आरशातली नसते, तेव्हा एका बाजूचा छापा उलटा करून दुसरीकडं वापरू नका. आणि पी-४०एनवर एक्झॉस्टची रांग कवटीच्या माथ्याजवळून जाते, तिथला पांढरा कधीच पांढरा राहत नसे.